चार नंबरची डिस्क

डिस्कच्या मधल्या भोकाच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटरवर एक अरुंद कडं असतं. त्या भागात चित्र नसतं, आवाज नसतो. आरशासारखा तो कोरा असतो आणि त्यात जेमतेम एक मिलिमीटर उंचीची अक्षरं उमटलेली असतात. वरच्या बाजूला कितीही रंगीत छपाई केली तरी ती डिस्क खरोखर कुठली, हे त्या अक्षरांवरूनच कळतं. वाचायची तर डिस्क उलटी करून, उजेड तिरका पडेल अशी कलती धरावी लागते. अकरा वर्षं मी रोज हेच करत आले आहे. त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलापाशी मी डिस्क तशी कलती धरली, तेव्हा मनात काही शंका नव्हती. हाताला सवय होती, एवढंच.

वर छापलं होतं चार. कड्यात होतं पाच.

मी दुसरी उचलली. वर पाच, कड्यात चार.

"पुढची लाव की गं," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

"जेवण झाल्यावर लावू, आई."

"जेवण कुठं पळून चाललंय? शेवटचीच राहिलीय ना? आता तो परत आलाय, तर पुढं काय करतो ते बघू दे."

तो म्हणजे नभरक्षक. बारा वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी ही मालिका टीव्हीवर लागायची. माधव नावाचा एक वायरमन, विजेच्या खांबावर चढून तारा जोडणारा. शहरावर संकट आलं की निळा पोशाख घालून, तोंड झाकून तो आकाशात झेपावायचा. एकूण चोवीस भाग झाले आणि मालिका बंद पडली. त्याच चोवीस भागांच्या सहा डिस्क या वर्षी पुठ्ठ्याच्या निळ्या खोक्यात विकायला निघाल्या. त्या छापायचं काम मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्याला मिळालं होतं. मी तिथं तपासनीस आहे. दिवाळीत तपासणी विभागातल्या प्रत्येकाला एकेक संच भेट मिळाला, तो मी माझ्या मुलीसाठी, पूर्वीसाठी, घरी आणला.

कारखान्यात मी त्या सहाही डिस्क पाहिल्या होत्या. पण आमचं पाहणं वेगळं असतं. पहिलं मिनिट, मधलं मिनिट, शेवटचं मिनिट, तेही आवाज बंद करून. चित्र फाटतं का, अडकतं का, एवढंच बघायचं. गोष्ट काय आहे हे मला घरी आल्यावरच कळत होतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही तिघींनी 'चार' छापलेली डिस्क लावली. सासूबाई, मी आणि पूर्वी. तिच्यात नभरक्षक धरणाचा दरवाजा स्वतःच्या खांद्यावर पेलून धरतो, खालचं गाव रिकामं होईपर्यंत. मग दरवाजा कोसळतो. पाणी त्याला गिळतं. दुसऱ्या दिवशी काठावर फक्त त्याचा निळा पोशाख सापडतो आणि त्याची म्हातारी आई त्या पोशाखापुढे दिवा लावते. सासूबाई पदर तोंडाला लावून रडल्या. पूर्वी पाणी प्यायला म्हणून उठली आणि बराच वेळ आली नाही.

मग आम्ही 'पाच' लावली. पहिल्याच दृश्यात माधव खांबावर बसून भाजलेले शेंगदाणे खात होता आणि खालच्या मित्राला टरफलं मारत होता.

सासूबाईंनी पदर खाली घेतला. "बघ," त्या म्हणाल्या. "आला की नाही?"

"पण आज्जी, आला कसा?" पूर्वी म्हणाली. "दाखवलंच नाही काही."

"दाखवायचंय काय त्यात? आला."

"असं होत नाही, आज्जी."

"तुला काय माहीत काय होतं नि काय नाही? तेवीस वर्षांची तू. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मला अजून कळलेलं नाही."

मला दुसरीच गोष्ट खटकली होती. 'चार'मध्ये त्याच्या पोशाखाच्या डाव्या खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याची टीप होती, आईनं शिवलेली असावी अशी. 'पाच'मध्ये तोच खांदा अखंड होता, आणि शेवटच्या भागात तो तारेत अडकून फाटला. आधी शिवलेलं कापड मग फाटलं होतं. पोशाख दोन असतील, असं मी मनाशी म्हटलं. पण डिस्क खोक्यात ठेवताना हात आपोआप उजेडाकडे गेला.

आता सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"शैला," त्या म्हणाल्या, "किरीटभाई संध्याकाळी येतोय ना? त्याला सांग, श्री. लिही म्हणावं. झालं माझं नक्की."

मी डिस्क खोक्यात ठेवल्या. "बरं," म्हणाले.

*

टेबलावर स्टीलच्या झाकणाखाली एक कागद दाबून ठेवला होता. लेकीच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना. रावपुऱ्यातले किरीटभाई आमच्या घरच्या पत्रिका वर्षानुवर्षं छापतात. गुजराती माणूस, पण मराठी पत्रिकेतलं चि., सौ. कां., कै. हे सगळं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं समजतं. आजोबांच्या नावाआधी त्यांनी न विचारता कै. घातलं होतं, कै. जयवंतराव मोहिते. त्याच्या खालच्या ओळीत, मुलीच्या वडिलांच्या नावाआधी, त्यांनी जागा कोरी सोडली होती आणि पेन्सिलीनं भोवती गोल काढला होता. ती जागा आठ मिलिमीटर आहे. मी पट्टीनं मोजली होती. श्री. असो की कै., दोन्ही तिच्यात बसतात.

त्यावरच माझ्या नावाआधी काय येणार तेही ठरणार होतं. सौ. की श्रीमती.

माझे यजमान, पूर्वीचे बाबा, मकरपुऱ्यातल्या एका पंपांच्या कारखान्यात होते. बसवलेले पंप बिघडले की ते गावोगाव जाऊन दुरुस्त करायचे. एकोणीसशे पंचाण्णवच्या डिसेंबरात, एका मंगळवारी ते दाहोदकडे निघाले. रविवारपर्यंत येतो म्हणाले. पूर्वी अकरा वर्षांची होती, तिला म्हणाले, मी आल्याशिवाय नभरक्षक लावायचं नाही, दोघं मिळून बघू. स्टेशनच्या स्टँडवर स्कूटर सापडली, कुलूप नीट लावलेलं. दाहोदला ते पोचलेच नाहीत. भांडण झालेलं नव्हतं. आजार नव्हता, व्यसन नव्हतं. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही असं मी मानत नाही. पण शोधायला हातात काही असावं लागतं, आणि माझ्या हातात फक्त स्कूटर स्टँडची पावती होती.

पोलिसांनी नाव विचारलं तेव्हा मी ते चिठ्ठीवर लिहून दिलं. तोंडानं मी त्यांचं नाव कधी घेतलेलं नाही, लग्नातल्या आणि नंतर हळदीकुंकवातल्या उखाण्यांखेरीज.

त्यानंतरच्या वर्षी मी नोकरी धरली. पूर्वीनं त्या मालिकेचा पुढचा एकही भाग पाहिला नाही. बाबा आल्याशिवाय लावायचं नाही, हे तिनं इतकं मनावर घेतलं की मालिका संपली, तरी रविवारी सकाळी आमचा टीव्ही बंदच राहायचा.

बारा वर्षं मी काय आहे हे कुणालाच नक्की ठरवता आलं नाही, मलाही नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या काही जणी बोलावतात, काही जणी दारावरून जाताना नजर चुकवतात. दोघींचंही मला पटतं. टिकली मी लहानशी लावते, लाल नाही आणि काळीही नाही. कारखान्यात स्वच्छ खोलीत जाताना अंगावर दागिना चालत नाही, म्हणून मंगळसूत्र रोज काढून लॉकरमध्ये ठेवते आणि आठ तासांनी पुन्हा घालते. ते आठ तास मला सोपे जातात. तिथं कुणी काही विचारत नाही.

सात वर्षं झाल्यावर वकिलांनी मृत्यू जाहीर करून घ्यायचा एक अर्ज दिला होता. तो कपाटात आहे. बारा वर्षं होत आली तेव्हा दांडिया बाजारातल्या गुरुजींनी सांगितलं, माणूस बारा वर्षं परतला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग तीन दिवस सुतक. लग्न माघात आहे, त्याआधी करायचं असेल तर आताच करा.

सासूबाई ते ऐकून उठून गेल्या होत्या. पण दोन दिवसांपूर्वी, शुक्रवारी, भाजी निवडताना त्या स्वतःहून म्हणाल्या, "करा काय करायचं ते. मी किती दिवस आडवी येऊ?" त्यांच्या तोंडून तेवढंही पहिल्यांदाच आलं होतं. आणि रविवारी सकाळी माधव खांबावर बसून शेंगदाणे खाताना दिसला.

पूर्वीचं म्हणणं एकच होतं. सुभानपुऱ्याहून होणाऱ्या जावयाच्या, ध्रुवच्या आईनं तिला सांगितलं होतं, तुम्ही जे लिहाल ते आम्हाला चालेल, पण काहीतरी एक लिहा. पूर्वी मला भांडी घासताना म्हणाली, "आई, मला दोन्हीतलं कुठलंही फावेल. फक्त मला कुणीतरी सांगा. ऑफिसात फॉर्म भरते तेव्हा वडिलांच्या रकान्यात मी नुसतं नाव लिहिते आणि पुढचा हयात-मयतचा कॉलम सोडून देते. आता पत्रिकेतपण सोडू?"

*

जेवण झाल्यावर मी दोन्ही डिस्क पर्समध्ये घातल्या आणि स्कूटर काढली.

"रविवारी कुठं?" पूर्वीनं विचारलं.

"कारखान्यात. तासाभरात येते."

मांजलपूरच्या नाक्यावर मांजा सुतवणारे बसले होते. दोन खांबांमध्ये गुलाबी दोरा ताणून एक माणूस त्यावरून काचेची लुगदी लावलेला हात ओढत मागे मागे चालत होता. मी सिग्नलला थांबून त्याच्याकडे बघत राहिले. मला नेमकं काय तपासायचं होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. कड्यातली अक्षरं मी वाचली होती. ती चुकत नाहीत.

तरी मी जपून ठेवलेले नमुने काढले, एकेक कलता धरला, नोंदवही उघडली. वरची रंगीत छपाई व्हायच्या आधी डिस्क आमच्याकडे शंभर-शंभरच्या रॉडवर ओवून ठेवतात. चार नंबरचा एक रॉड पाचच्या छपाईखाली गेला होता आणि पाचचा चारच्या. प्रत्येक रॉडमधली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची डिस्क काढून कडं वाचायचं, मगच सही करायची, असा नियम आहे. दोन्ही रॉडपुढे सही होती. माझी.

तारीख पाहिली आणि आठवलं. तो पूर्वीच्या साखरपुड्याचा दिवस. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन निघणार, तेवढ्यात विभागातल्या फोनवर साखरपुड्याला येणारे गुरुजी. मुलीच्या वडिलांचं नाव सांगा आणि ते आहेत ना, की संकल्पात काकांचं घेऊ? मी "घरी आल्यावर सांगते" म्हणून फोन ठेवला होता. समोर दोन रॉड होते. मी दोन्हींपुढे खूण केली, सही केली आणि निघाले.

तक्रारींचं काम बघणारे पिलाजीराव माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. रविवारची पाळी त्यांचीच असते. हातात चहाची बशी.

"मोहितेबाई, घरात लग्न काढलंय आणि तुम्ही इथं? सुट्टीपण नकोशी झाली का?"

मी दोन्ही डिस्क त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कडं वाचलं, चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचलं.

"अदलाबदल. किती?"

"दोन रॉड. शंभर संच."

"तक्रार?"

"ती तुमच्या फायलीत असेल."

त्यांनी फाइल उघडून दाखवली. पान कोरं होतं. "सहा आठवडे झाले बाजारात जाऊन. एक फोन नाही. उलट सुरतचा व्यापारी आणखी मागतोय, लोकांना फार आवडली म्हणतो." ते हसले. "मेलेला माणूस परत आला तर कोण तक्रार करणार, बाई?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बशीत पाहिलं आणि थंड झालेला चहा उगाच फुंकला.

"म्हणजे, सीरियलमधला," ते म्हणाले.

"कळलं मला."

"असू दे. चालशे. गोदामात काही संच उरले असतील ते होल्डमध्ये टाकू. पिवळी चिठ्ठी लावा. पुढचं पुढं बघू."

"होल्डला तीस दिवसांची मुदत आहे. तीस दिवसांत हिरवी नाहीतर लाल."

"ती तुम्हीच घातलेली मुदत. माझं काय, माझ्याकडे असतं तर दहा वर्षं पडलं असतं."

मी नापास मालाची लाल चिठ्ठी काढली. नमुन्याचे क्रमांक लिहिले. जबाबदार व्यक्ती, इथं माझं नाव. कारण, इथं थोडी थांबले.

पिलाजीराव खांद्यावरून वाचत होते. "लाइट गेली होती असं लिहा. त्या आठवड्यात जातच होती."

"त्या दिवशी गेली नव्हती."

"बाई, अकरा वर्षांत तुमच्या नावावर एक चूक नाही. कशाला आता?"

मी लिहिलं, 'न पाहता सही केली.' वाचून पाहिलं. बरोबर होतं. कागद त्यांना दिला आणि सुरतेला उद्या फोन करून संच बदलून द्यायला सांगितलं.

निघताना लॉकर उघडला. मघाशी आत जाताना मंगळसूत्र काढून ठेवलं होतं. ते गळ्यात घातलं तर मागची कडी बसेना. दोनदा हातातून निसटली. तिसऱ्यांदा बसली.

*

घरी आले तेव्हा साडेतीन झाले होते. सासूबाई झोपल्या नव्हत्या. पलंगावर बसून शेवटच्या डिस्कची वाट बघत होत्या. त्यांनी केस विंचरून घेतले होते.

वाटेत मी दोन-तीन वाक्यं जुळवली होती. दारात चप्पल काढेपर्यंत त्यातलं एकही राहिलं नाही. न सांगणंही शक्य होतं. सुरतेचे संच बदलले तरी या घरातला संच तसाच राहिला असता, आणि आठ मिलिमीटरच्या जागेत श्री. छापून आलं असतं. लग्नात चार जणांनी विचारलं असतं, वडील कुठायत, आणि आम्ही बारा वर्षं सांगतो तेच सांगितलं असतं. ते वाईट झालं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही.

"आई, मघाशी आपण चुकीच्या क्रमानं बघितलं," मी म्हणाले. "चारवर पाच छापलंय आणि पाचवर चार. तो धरणात जातो ते नंतर. शेंगदाणे खातो ते आधी."

त्यांनी टेबलावरच्या खोक्याकडे बघितलं.

"कारखान्यात चूक झाली. माझी."

"तू छापखान्यातली चूक शोधायला मकरपुऱ्याला जाऊन आलीस? भर दुपारी?"

"हो."

"आण बघू."

मी वर चार छापलेली डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कलती न करता तशीच डोळ्यांजवळ धरली. तिच्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसत असणार. "मला नाही दिसत काही. माझे डोळे गेलेत. पूर्वी, तू वाच."

पूर्वीनं माझ्याकडे बघितलं. मी कपाटातून भिंग काढून दिलं आणि डिस्क कशी धरायची ते दाखवलं. खिडकीपाशी जाऊन तिनं ती हळूहळू फिरवली.

"एन, आर, शून्य," तिनं वाचलं. मग म्हणाली, "पाच, आज्जी."

"नीट बघ."

"पाचच आहे."

सासूबाईंनी गुडघ्यांवरची साडी सारखी केली. मग म्हणाल्या, "ती त्याची आई दिवा लावते, ते कधी? तो शेंगदाणे खातो त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर, आई."

"मग त्यानंतर तो कुठं दिसतो?"

"माहीत नाही. सहावी राहिलीय."

"मग लाव."

सहावीचं कडं मी आधी वाचलं. सहा होतं. लावली. चार भाग आम्ही तिघींनी बघितले, मध्ये न उठता. तो कुठंही आला नाही. शहरात पुन्हा चोऱ्या झाल्या, वीज गेली, लोक गच्चीवर चढून आकाशाकडे बघत राहिले. मित्र त्याच्या जागी खांबावर चढायला शिकला. दर वेळी दार वाजलं की सासूबाई जराशा पुढे सरकायच्या. दार उघडायचं, आणि दुसरंच कुणीतरी आत यायचं. शेवटच्या भागाच्या शेवटी त्याची आई तो निळा पोशाख धुते, पिळते आणि अंगणातल्या तारेवर वाळत घालते. खांद्यावरची पांढरी टीप दिसते. पाणी निथळतं. तिथंच संपतं.

पडदा निळा झाला.

"मी तेव्हाच बघितलं असतं," पूर्वी म्हणाली, "तर तेव्हाच कळलं असतं."

"त्या सीरियलमधलं कळलं असतं," मी म्हणाले.

"हो. तेवढंच." तिनं नाक पुसलं. "मला वाटायचं मी बघितलं नाही म्हणून ते तिथंच थांबलंय."

सासूबाईंनी हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला, पण बोलल्या माझ्याशी. "शैला, ते मी माझ्या तोंडानं म्हणणार नाही. आईच्या तोंडात ते येत नाही. शुक्रवारी म्हणाले त्यापेक्षा जास्त मला जमणार नाही." त्या थांबल्या. "तू म्हणालीस तर मी खोडणार नाही."

"पण मला नक्की माहीत नाहीये, आई."

"मग कुणाला माहिताय?"

मी उठून चहा ठेवला. साखर घातली की नाही आठवेना, म्हणून चव घेतली. घातली होती.

किरीटभाई सहाला दहा मिनिटं कमी असताना आले. डोक्याला मफलर, काखेत फाइल. "जय महाराज, आजी. तब्येत?" म्हणून सासूबाईंपुढे वाकले. "उद्या सवारे प्लेट छपाईला जाईल. बघून घ्या एकदा, मग माझ्या नावानं बोंब नको."

मी झाकण उचलून नमुना त्यांच्यापुढे ठेवला. ते बोट ठेवून, त्यांच्या छापखान्यातल्या पद्धतीनं, एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागले. कुलदैवत बरोबर. चि. सौ. कां. पूर्वी बरोबर. कै. जयवंतराव बरोबर. तिथी, वार, मुहूर्त, हॉलचा पत्ता. मग त्यांचं बोट मागे त्या गोलावर आलं. पेन्सिल कानावरून काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"शैलाबेन, नक्की थयूं?"

पूर्वी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. टीव्हीचा पडदा अजून निळा होता, त्या तिकडे बघत होत्या. मी पेन्सिलीसाठी हात पुढे केला, पोलिसांकडे केलं होतं तसं लिहून द्यायला. किरीटभाईंनी पेन्सिल दिली नाही. त्यांनी टोक कागदावर टेकवलं आणि थांबले.

"तुम्ही बोला. मी लखतो."

मी हात मागे घेतला.

"कैलासवासी," मी म्हणाले. "कैलासवासी गजेंद्र जयवंतराव मोहिते."